प्रतिसाद: पुरावा कुणी द्यायचा?
1 सप्टेंबर 2025 पासून लागू झालेल्या विदेशी नागरिकांविषयीच्या कायद्यात नवं काही नाही, चार जुने कायदे एकत्र केले इतकंच, असं वर कुणीतरी लिहिलंय. एकत्र केले हे खरं, पण शिक्षाही आहे बघा: वैध पासपोर्ट-व्हिसाशिवाय शिरल्यास 5 वर्षांपर्यंत कैद, 5 लाखांपर्यंत दंड.

मला जास्त काळजी वाटते ती न बदललेल्या गोष्टीची. आपण परदेशी नाही हे ज्याच्यावर संशय आहे त्या माणसानेच सिद्ध करायचं, ही 1946 च्या कायद्यातली तरतूद तशीच ठेवलीय. घणसोलीत आमच्या सोसायटीचं प्लास्टर करणारा मुर्शिदाबादचा गवंडी आधार आणि पॅन प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून कायम खिशात बाळगतो. ठाणे शहरात अटक झालेल्या एकाच्या जामीन अर्जावर मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट 2025 मध्ये सांगितलं, की आधार, पॅन, मतदार ओळखपत्र असल्याने कुणी नागरिक ठरत नाही. कायद्याने ते बरोबरच आहे. पण मग या गवंड्याने दाखवायचं काय? जन्मदाखला? जमिनीचे कागद? तेही गावी, असलेच तर.

निर्वासितांचं तर विचारूच नका. निर्वासितांविषयीच्या 1951 च्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताची सही नाही आणि नव्या कायद्यातही निर्वासिताची व्याख्या नाही. जीव मुठीत धरून पळून आलेला आणि चोरून घुसलेला, दोघं एकाच कलमात. अफगाणिस्तान, बांगलादेश, पाकिस्तानातून 31 डिसेंबर 2024 पर्यंत आलेल्या सहा अल्पसंख्य समाजांना या शिक्षेतून सूट आहे, म्यानमारमधून आलेल्या रोहिंग्यांना नाही. ती सूटही सरकारी आदेशाने दिलेली, म्हणजे दुसऱ्या आदेशाने काढताही येईल.