अख्खा मसूर खाल्ला की बाबांचं पोट फुगतंय, एन्झाइमचं सिरप द्यावं का?

कृष्णाकाठची_लेक (सांगली)
नमस्कार मंडळी. बाबा ६८ वर्षांचे, डॉक्टरांनी प्रोटीन वाढवा म्हणून सांगितलंय, म्हणून अख्खा मसूर, मटकी, हरभरा असं आलटून पालटून चालू केलं, तर दुपारी जेवल्यावर ३-४ तासांनी पोट नुसतं टम्म होतंय आणि मग रात्री जेवायलाच नको म्हणतात. मेडिकलवाल्यानं एन्झाइमचं सिरप दिलंय, म्हणाला त्यांना प्रोटीन पचत नाही. कुणी घरी दिलंय का? कुठलं चांगलं?

मिरजकर
आमच्या आईला महिनाभर दिलेलं, काही फरक नाही पडला. ओवा-हिंग बरं त्यापेक्षा.

निवृत्त_सायन्स_बाई
ताई, आधी बाटलीवरचं लेबल वाचा. बहुतेक सिरपांत फंगल डायस्टेज आणि पेप्सिन असतं. डायस्टेज म्हणजे भात-भाकरीतला स्टार्च फोडणारं, प्रोटीनशी त्याचा काही संबंध नाही. पेप्सिन प्रोटीनवर चालतं खरं, पण ते आपल्या जठरात रोज तयार होतंच.

मटण निबर असलं की आपण कच्च्या पपईचा तुकडा घालतो ना, त्यातलं पपेन जे करतं तसलंच काम पोटात चालतं. जठरातल्या आम्लानं प्रोटीनची घडी उलगडते, मग पेप्सिन त्या लांब साखळीचे मोठे मोठे तुकडे करतं. पण मुख्य काम पुढं, लहान आतड्यात. तिथं स्वादुपिंडातून ट्रिप्सिन, कायमोट्रिप्सिन येतात, तेही झोपलेल्या अवस्थेत, नाहीतर स्वादुपिंड स्वतःलाच पचवायला लागेल! आतड्याच्या अस्तरातलं एंटेरोकायनेज आधी ट्रिप्सिनला जागं करतं आणि मग ट्रिप्सिन बाकीच्यांना. आणि ट्रिप्सिन वाटेल तिथं कापत नाही, साखळीत लायसिन किंवा आर्जिनिन (प्रोटीन ज्यांचं बनतं त्या अमिनो आम्लांपैकी दोन) आलं की त्याच्या लगेच पुढंच घाव घालतं. मी वर्गात पोरांना मण्यांची माळ आणि कात्री घेऊन हे दाखवायचे, लगेच कळायचं त्यांना.

आता बाबांचं. ३-४ तासांनी पोट फुगतंय म्हणजे मला तरी प्रोटीनचा दोष वाटत नाही. कडधान्यांत रॅफिनोज, स्टॅकिओज नावाच्या साखरा असतात, त्या फोडणारं एन्झाइम माणसाच्या आतड्यात तयारच होत नाही, कुणाच्याच. त्या तशाच मोठ्या आतड्यात जातात, तिथले जिवाणू त्या आंबवतात आणि गॅस होतो. त्यावर पेप्सिन काय करणार? मसूर रात्रभर भिजवा, ते पाणी ओतून द्या, नवीन पाण्यात अगदी मऊ शिजवा. कच्ची मोड आलेली मटकी सध्या नकोच, कच्च्या कडधान्यांत ट्रिप्सिनला अडवणारे घटकही असतात, ते शिजवल्यावर बरेचसे जातात. आणि एकदम वाटीभर देऊ नका, अर्ध्या वाटीनं सुरुवात करा, सवय होते आतड्याला.

वजन उतरत असेल किंवा शौच तेलकट, फिकट, तरंगणारी होत असेल तर मात्र स्वादुपिंड तपासायला लागेल. तिथं एन्झाइमच्या कॅप्सूल खरंच लागतात, पण त्यांना जठरातल्या आम्लापासून वाचवणारं आवरण असतं आणि त्या डॉक्टरच देतात. मेडिकलमधून आपल्या मनानं आणून उपयोग नाही.

वारीवाला_सातारा
बाई म्हणतायत ते बरोबर. एक अजून, घरी कुणी माळकरी असेल तर बघून घ्या, औषधातलं पेप्सिन सहसा डुकराच्या जठरातून काढलेलं असतं. हे कुणी सांगत नाही म्हणून मुद्दाम लिहिलं.

कृष्णाकाठची_लेक (सांगली)
बाई, लेबल बघितलं, डायस्टेज आणि पेप्सिनच आहे! आणि बाबा २० वर्षांचे माळकरी, वारीवाले दादा तुमचे फार आभार, सील फोडलं नव्हतं म्हणून बाटली परत दिली.

चूक माझीच होती, मसूर न भिजवता पण शिजतोय म्हणून मी थेट कुकरला लावत होते. परवा रात्री भिजवला, सकाळी पाणी पार तपकिरी झालेलं, ओतून दिलं आणि नेहमीपेक्षा २ शिट्ट्या जास्त काढल्या. बाबांनी अर्धी वाटीच खाल्ली भाकरीबरोबर, संध्याकाळी पोट थोडं जड म्हणाले पण रात्री ताटावर बसले. वजन मागच्या महिन्याएवढंच आहे, तरी सोमवारी डॉक्टरांकडे नंबर लावलाय, ते शौचाचं पण विचारते.