सीबीडीचं तेल आणि चालू गोळ्या : काउंटरवरून बाटली द्यायची की नाही?

औषधपेठ (धागाकर्ता)

गुडघा, कंबर, झोप, मनाची धास्ती, या तक्रारींवर सीबीडीचं (भांगेच्या झाडातलं, नशा न आणणारं द्रव्य) तेल विचारणारे लोक आता कोल्हापूर भागात राजारामपुरीपासून गडहिंग्लजपर्यंत औषध दुकानांत येतात. विचारणारा साठीच्या पुढचा असेल तर त्याच्या पिशवीत आधीच चार-पाच गोळ्या असतात. माझं मत असं की गोळ्यांची यादी बघितल्याशिवाय ही बाटली कुणालाही देऊ नये. यादीत पुढचं काही दिसलं तर सरळ नाही म्हणावं : रक्त पातळ करणारं वॉरफरिन किंवा अ‍ॅसिनोकूमारॉल, टॅक्रोलिमस आणि त्याच्या जातीची किडनी-प्रत्यारोपणाची औषधं, फिट्सची क्लोबाझाम आणि व्हॅल्प्रोएट, आणि हृदयात स्टेंट बसवल्यानंतरचं, गुठळी रोखणारं क्लोपिडोग्रेल.

कारण साधं आहे. सीबीडी यकृतातल्या सीवायपी२सी१९ आणि सीवायपी२सी९ या एन्झाइमांचं काम मंदावतं. बरीचशी औषधं याच एन्झाइमांनी मोडून शरीराबाहेर जातात. मोडणं थांबलं की नेहमीचाच डोस रक्तात जास्त साठतो. वॉरफरिन साठलं तर रक्तस्राव, आणि सीवायपी३ए४ या दुसऱ्या एन्झाइमनं मोडणारं टॅक्रोलिमस साठलं तर जी किडनी वाचवायची तिलाच इजा. क्लोपिडोग्रेलचं उलटं आहे : ते यकृतात गेल्यावरच काम करणाऱ्या रूपात बदलतं, आणि ते बदलणारं मुख्य एन्झाइम सीवायपी२सी१९. ते अडलं तर गोळी घेऊनही स्टेंटला गुठळीपासून पुरेसं संरक्षण मिळत नाही. याच कारणानं क्लोपिडोग्रेलबरोबर ओमेप्राझोल ही पित्ताची गोळी टाळायला सांगतात.

वनस्पतीचं आहे म्हणून निर्धोक, हा युक्तिवाद इथं चालत नाही. औषधं व सौंदर्यप्रसाधनं कायद्याखालच्या नियमांच्या ई-१ अनुसूचीत, म्हणजे आयुर्वेदातल्या विषारी द्रव्यांच्या यादीत, भांग बचनाग आणि धोत्र्याच्या शेजारी बसली आहे. त्यामुळे अशा औषधाच्या लेबलावर ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ असा इशारा छापावाच लागतो.

शतावरी

अनुसूचीचं बरोबर आहे, आणि म्हणूनच आम्ही वैद्य विजया, म्हणजे भांग, चिठ्ठीवर लिहून देतो. पण तुमची भीती ज्या डोसांवरून आली आहे ते डोस बघा. अमेरिकेत २०१८ मध्ये मान्यता मिळालेलं शुद्ध सीबीडीचं औषध लहान मुलांच्या लेनॉक्स-गॅस्टो आणि ड्रॅव्हे या अवघड अपस्मारांसाठी आहे. डोस किलोमागे रोज १० ते २० मिलिग्रॅम. ७० किलोच्या माणसाला तो हिशोब लावला तर ७०० ते १४०० मिलिग्रॅम होतात. टॅक्रोलिमस तिप्पट वाढल्याचा जो प्रसिद्ध झालेला रुग्ण सगळे सांगतात, त्याला रोज दोन हजारांच्या वर सीबीडी चालू होतं. गुडघेदुखीला आम्ही देतो त्यात सीबीडी १० ते ३० मिलिग्रॅम. हजाराच्या डोसवर जे घडलं ते वीसवर तसंच घडेल, असं गृहीत धरणं मला शास्त्रीय वाटत नाही.

दुसरं. प्रयोगशाळेत सीबीडी सीवायपी३ए४ हेही एन्झाइम अडवतं, म्हणून निम्म्या औषधांच्या नावापुढे लाल खूण केली जाते. प्रत्यक्ष माणसांना सीबीडीबरोबर मिडाझोलाम (याच एन्झाइमनं मोडणारं गुंगीचं औषध) देऊन पाहिलं तेव्हा त्याची पातळी लक्षणीय बदलली नाही.

आणि वॉरफरिनवर असलेल्या माणसाला डायक्लोफेनॅक या वेदनाशामक गोळ्यांची पट्टी न विचारता दिली जाते, तिथं कुणाला ‘नाही’ आठवत नाही. जठरातून रक्त जायचा धोका त्यात कितीतरी जास्त आहे.

औषधपेठ

वैद्यराज, डायक्लोफेनॅकचं शंभर टक्के मान्य. ते दिलं जातं ही चूकच आहे, पण त्यानं दुसरी चूक माफ होत नाही.

डोसचा मुद्दा वजनदार आहे, म्हणून त्यावर थांबतो. तुम्ही वीस मिलिग्रॅम लिहिता. रुग्णाच्या पोटात वीस जातात का?

बाटलीवर ‘३० मिली, ३००० मिलिग्रॅम’ लिहिलेलं असतं. हे बहुतेक वेळा विजयाच्या अर्काचं वजन असतं. त्या अर्कात सीबीडी किती आणि टीएचसी (भांगेतलं नशा आणणारं द्रव्य) किती, हे बॅचच्या तपासणी अहवालातच कळतं. एक मिलीत १०० मिलिग्रॅम अर्क आला. तो ५० टक्के सीबीडीचा असेल तर ५० मिलिग्रॅम, २० टक्क्यांचा असेल तर २०. वर थेंबांची गडबड. लोक मिलीत २० थेंब धरतात. तेल पाण्यासारखं सुटत नाही, ड्रॉपरचं तोंड बारीक असेल तर थेंब लहान पडून मिलीत तीसही भरतात. मोजायचं तर सुई नसलेल्या १ मिलीच्या सिरिंजनं मोजावं. २०१७ मध्ये अमेरिकेत ऑनलाइन विकली जाणारी ८४ उत्पादनं तपासली, तर लेबलाप्रमाणे सीबीडी निघालं जेमतेम ३१ टक्क्यांत, आणि १८ उत्पादनांत टीएचसी सापडलं.

आता जेवण. भरपूर स्निग्ध जेवणाबरोबर घेतलं तर उपाशीपोटीपेक्षा सीबीडी चार-पाच पट जास्त रक्तात उतरतं. रविवारी मटण आणि खोबऱ्याच्या दुधातला पांढरा रस्सा, सोमवारी उपासाला नुसतं केळं, आणि दोन्ही दिवशी तेवढेच थेंब. रक्तातला फरक वीस आणि ऐंशीचा झाला तरी रुग्णाला कळणार नाही. वॉरफरिनसारख्या औषधाला जास्त डोसाइतकीच ही हेलकावणारी पातळी घातक.

उसाचा फड

मंडळी, लई मोठं बोलताय, पण आमच्या गावाकडं बीपी आन शुगर हीच दोन दुखणी घराघरात. त्येच्या गोळ्यांचं काय? दुकानात सांगत्यात की दोन तासांचं अंतर ठेवा म्हंजे काय होत न्हाई. खरं हाय का?

पंचगंगाकाठ

दादा, अंतराचं खरं नाही. काही तासांचं अंतर उपयोगी पडतं ते दोन औषधं पोटात एकमेकांना चिकटत असतील तेव्हा. थायरॉक्सिन आणि कॅल्शियमची गोळी हे त्याचं उदाहरण. सीबीडीचा अडथळा यकृतात आहे आणि तो दिवसभर राहतो. नियमित घेणाऱ्याच्या शरीरात त्याचं अर्धायुष्य, म्हणजे पातळी निम्म्यावर यायला लागणारा वेळ, ५६ ते ६१ तास मोजलं गेलं आहे. बंद केल्यावरही पूर्ण निघून जायला बारा-तेरा दिवस लागतात. सकाळ-संध्याकाळ अशी वाटणी करून काही साधत नाही.

तुमच्या गोळ्या एकेक घेऊ. मेटफॉर्मिन यकृतात मोडतच नाही, मूत्रपिंडातून जसंच्या तसं जातं, त्यामुळे एन्झाइमची भानगड नाही. पण जुलाब आणि भूक मंदावणं दोन्हींनी होतं, एकत्र आलं तर म्हातारं माणूस आठवडाभरात खचतं. ग्लिमेपिराइडकडे मात्र लक्ष हवं : ते सीवायपी२सी९ ने मोडतं, त्यात भूक कमी झाली तर साखर खाली जाऊ शकते. पहिले पंधरा दिवस ग्लुकोमीटरवर उपाशीपोटीची आणि संध्याकाळच्या जेवणाआधीची साखर बघावी, ७० च्या खाली गेली तर तेल थांबवावं. टेल्मिसार्टन या एन्झाइमांवर अवलंबून नाही, ती गोळी चालते. लोसार्टन असेल तर सीवायपी२सी९ त्याला जोरदार रूपात बदलतं, म्हणून बीपी हवं तेवढं उतरणार नाही अशी शक्यता राहते. झोपेची अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपाम चालू असेल तर पातळीचा विचार बाजूला ठेवला तरी गुंगीवर गुंगी चढते. रात्री लघवीला उठताना पडणं आणि खुब्याचं हाड मोडणं हा खेड्यातल्या घरात खरा धोका.

आता औषधपेठ आणि शतावरी, तुम्हा दोघांनाही सांगायचं आहे. सरळ ‘नाही’ म्हणण्याला माझा विरोध आहे. नाही ऐकलेला माणूस घरी जाऊन ऑनलाइन मागवतो आणि पुढच्या वेळी डॉक्टरांना सांगतच नाही. मग तो कळत-नकळत घेत राहतो आणि आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारी तपासणी) का हलतोय हे कुणालाच उमगत नाही. त्यापेक्षा अट घालावी.

वॉरफरिनवाल्याची अट अशी : तेल सुरू करण्याआधी आयएनआर, सुरू केल्यावर सातव्या दिवशी, पुन्हा चौदाव्या दिवशी, आणि थेंब वाढवले की परत हेच चक्र. एका प्रसिद्ध रुग्णात सीबीडी वाढवत नेल्यावर वॉरफरिन साधारण ३० टक्के कमी करावं लागलं होतं. म्हणजे ५ मिलिग्रॅमची गोळी साडेतीनवर. हे विसरलं जातं : असा डोस कमी केलेला असताना बाटली संपली आणि माणसानं नवी आणलीच नाही, तर दोन आठवड्यांत आयएनआर घसरतो. हृदयात कृत्रिम झडप असलेल्याला ती घसरण रक्तस्रावाइतकीच वाईट, झडपेवर गुठळी बसते. म्हणून बंद केल्यावरही सातव्या आणि चौदाव्या दिवशी तपासणी.

शतावरी

अटी चांगल्या आहेत, पण चंदगडच्या माणसानं महिन्यात निदान तीन वेळा आयएनआरसाठी कोल्हापूर गाठायचं का? एसटीचं भाडं, बुडलेला रोज, तपासणीचे पैसे. या अटीचा अर्थ प्रत्यक्षात नकारच.

पंचगंगाकाठ

हो. ज्याला एवढ्या वेळा तपासणी शक्य नाही आणि वॉरफरिन चालू आहे, त्यानं तेल घेऊ नये. नकार माणसाच्या परिस्थितीमुळे आला, हे मला बोचतं. पण गुडघ्याला मांडीचे व्यायाम, वजन, शेक, हिशोबात बसणारं पॅरासिटामॉल असे पर्याय आहेत. झडपेला पर्याय नाही.

कळंबा

लहान मुलांच्या फिट्सवर बोलणं गरजेचं आहे, कारण सगळ्यात जास्त हट्टानं तेल शोधणारे आईबापच असतात, आणि त्यांचं शोधणं समजण्यासारखं आहे. औषधपेठ, क्लोबाझामला तुम्ही सरळ बंदीत टाकलंत ते मला पटत नाही. सीबीडीमुळे क्लोबाझामपासून तयार होणारं एन-डेस्मिथिलक्लोबाझाम रक्तात साधारण तिप्पट होतं. तेही फिट्स थांबवणारंच द्रव्य. दोन्ही एकत्र दिल्यानं काही मुलांना जास्त फायदा होतो तो यामुळेही. जाणकार न्यूरॉलॉजिस्ट सीबीडी वाढवताना क्लोबाझाम कमी करतो. मूल दिवसा पेंगायला लागलं, लाळ गळायला लागली, चालताना तोल जायला लागला, की क्लोबाझाम उतरवायची वेळ झाली. त्याच वेळी घाबरून सगळ्याच गोळ्या एका दिवसात तोडल्या तर न थांबणारी फिट येऊ शकते.

व्हॅल्प्रोएटबद्दल मात्र तुमच्या बाजूनं. तिथं पातळी वाढत नाही, यकृतावर दोघांचा मिळून भार पडतो. सुरू करण्याआधी यकृताच्या तपासण्या : एसजीपीटी, एसजीओटी, बिलिरुबिन. मग पहिल्या, तिसऱ्या, सहाव्या महिन्यात. व्हॅल्प्रोएट असेल तर याहून लवकर-लवकर. एसजीपीटी वरच्या मर्यादेच्या तिपटीवर आणि बिलिरुबिन दुपटीवर गेलं तर सीबीडी बंद. एकटं एसजीपीटीच पाचपटीवर टिकून राहिलं तरी बंद.

आणि वैद्यराज, विजयाचं तेल मुलांच्या फिट्सवर चालत नाही, कृपया लिहू नका. १५ किलोच्या मुलाला किलोमागे १० मिलिग्रॅम म्हणजे रोज १५० मिलिग्रॅम सीबीडी. अर्कातून तेवढं गाठायचं तर बरोबर किती टीएचसी जाईल याचा भरवसा नाही, आणि तो वाढत्या मेंदूला द्यायचा पदार्थ नव्हे.

शतावरी

फिट्सबद्दल मान्य, तो अधिकार न्यूरॉलॉजिस्टचा. मी मोठ्या माणसांच्या वेदनेपुरतं बोलतो आहे. तिथं माझं म्हणणं तेच राहतं : कमी डोस, एकच बॅच, रोज एकाच वेळी, एकाच प्रकारच्या जेवणानंतर. रस्सा-उपास हा मुद्दा खरा आहे, त्यावर उपायही आहे : रोज रात्री भाकरीबरोबर एक चमचा तूप, त्यानंतर तेल. पातळी सारखी राहते.

औषधपेठ

तुपाची सूचना पक्की आहे, ती मी घेतो. क्लोबाझामची दुरुस्तीही मान्य : न्यूरॉलॉजिस्टच्या हाताखाली चालेल, काउंटरवरून नाही.

पण कमी डोस म्हणून यकृताचीही चिंता नको असं मानत असाल तर थांबा. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत निरोगी, दुसरं काही न घेणाऱ्या प्रौढांना किलोमागे रोज ५ मिलिग्रॅम सीबीडी २८ दिवस दिलं. ५.६ टक्के लोकांची यकृताची एन्झाइम वरच्या मर्यादेच्या तिपटीपलीकडे गेली. तुमच्या डोसपेक्षा हे बरंच जास्त आहे, कबूल. मात्र ब्रिटनच्या अन्नसुरक्षा यंत्रणेनं २०२३ मध्ये निरोगी प्रौढांसाठीची रोजची मर्यादा ७० वरून १० मिलिग्रॅमवर आणली. तुम्ही ३० लिहिता, आणि आपल्याकडचा रुग्ण निरोगी नसतो. संधिवाताला आठवड्याची मेथोट्रेक्सेट चालू, क्षयाची रिफाम्पिसिन-आयसोनियाझिड चालू, किंवा रोजची दारू, अशा माणसाच्या यकृतावर आधीच भार असतो. रिफाम्पिसिनमध्ये तर सीबीडी झपाट्यानं मोडतं, म्हणजे गुण नाही आणि थेंब वाढवण्याचा मोह.

उसाचा फड

मग किराणा मालात हेम्पच्या बियांचं तेल मिळतंय त्ये?

औषधपेठ

ते वेगळं. बियांना आणि त्यांच्या तेलाला अन्न म्हणून २०२१ मध्ये परवानगी मिळाली, आणि त्यात सीबीडी किलोमागे ७५ मिलिग्रॅमच्या वर चालत नाही. चमचाभर तेलात अर्धा मिलिग्रॅमही येणार नाही. गोळ्यांना त्याचा त्रास नाही, आणि गुडघ्याला सीबीडी म्हणून फायदाही नाही. त्या नावाखाली महाग विकत असतील तर घेऊ नका.

पंचगंगाकाठ

औषधपेठ, निदान एवढं करा : बाटली देताना रुग्णाच्या गोळ्यांच्या चिठ्ठीवरच तेलाचं नाव, बॅच आणि रोजचे मिली लिहून द्या. कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयाच्या ओपीडीत असो की खाजगीत, पुढचा डॉक्टर तीच चिठ्ठी बघतो. ऑपरेशन ठरलं असेल तर भूल देणाऱ्यालाही ती दाखवायला सांगा, आणि तेल दोन आठवडे आधी बंद.

शतावरी

हे मीही माझ्या चिठ्ठीवर लिहीन. वॉरफरिन, प्रत्यारोपण आणि क्लोपिडोग्रेल यांवर मी तेल देणार नाही. बाकीच्यांना काउंटरवरून परत पाठवायला माझा विरोध कायम.