प्रति: विश्वास ठेवला तर बिघडलं काय?
"विश्वास ठेवला तर बिघडलं काय?" असं वर जगबुडीच्या भाकितांबद्दल विचारलंय. बिघडतं, खूप बिघडतं. फेब्रुवारी १९६२मध्ये मकर राशीत अष्टग्रही (आठ ग्रह एकाच राशीत) आली, जगबुडी होणार म्हणून देशभर यज्ञ झाले. आमच्या अमळनेरकडच्या गावात आजोबांनी दुभती म्हैस पडेल त्या भावात विकून टाकली. शेतात दादर ज्वारी कणसात आलेली, राखणीला कोणी गेलंच नाही, निम्मी पाखरांनी खाल्ली. रिकामा खुंटा दाखवून आजी हे सांगायची तेव्हा तिचा आवाज कापायचा.

अमेरिकेत विल्यम मिलर या धर्मोपदेशकाच्या अनुयायांनी जगाच्या अंतासाठी २२ ऑक्टोबर १८४४ची वाट पाहिली, रेडिओवरचा धर्मोपदेशक हॅरॉल्ड कॅम्पिंगने २१ मे २०११ ही तारीख सांगितली. दोन्ही दिवस सरले. आणि आपल्या पुराणांच्याच हिशेबाने कलियुग ४,३२,००० वर्षांचं आहे, त्यातली जेमतेम ५,१०० झालीत.