'विचित्र फळ' म्हणावं का?

पाटीपेन्सिल
आमच्या वाचनालयात शनिवारी अमेरिकन गायिका बिली हॉलिडेची गाणी ऐकवणार आहोत. १९३९च्या 'स्ट्रेंज फ्रूट'ची ओळख लिहायला घेतली आणि नावावरच अडले. 'विचित्र फळ' म्हटलं की जोडकेळं डोळ्यांपुढे येतं. गाण्यात झाडाला लटकतात ती काळ्या माणसांची प्रेतं. दुसरा शब्द सुचवा.

ओसरी
'आक्रीत'. आमच्याकडे गाईला दोन तोंडांचं वासरू झालं तेव्हा आई एवढंच म्हणाली, "आक्रीत झालं गं." घडू नये ते घडलं, आणि बघणाऱ्याचा थरकापही त्यात आला.

दौतटाक
शहरातल्या पोरांना आक्रीत कळणार नाही. 'विपरीत' घ्या, शुद्ध आणि सर्वांना कळणारा.

ओसरी
कळत नसेल तर ऐकून कळू दे. आपणच वापरला नाही तर शब्द राहणार कुठे?

काळीमाती
मला वाटतं आक्रीत हे 'अकृत'वरून आलं असावं. अकृत म्हणजे कुणी न केलेलं. म्हणूनच ते इथे नको. हे तर माणसांनी केलेलं आहे! एबल मीरोपोल या न्यूयॉर्कच्या शिक्षकाला कविता सुचली ती एका फोटोवरून. इंडियानातलं मॅरियन गाव, १९३०. वर दोन देह, खाली गर्दी. एक जण बोट वर करून दाखवतोय, काही जण चक्क हसताहेत.

दौतटाक
व्युत्पत्ती पटली नाही. मुद्दा पटला. ओळखीत लिंचिंगला काय लिहिलंय?

पाटीपेन्सिल
झुंडबळी. वर्तमानपत्रात तोच असतो.

काळीमाती
नका लिहू. झुंड म्हटलं की भान सुटलेला जमाव दिसतो. त्या फोटोच्या हजारो प्रती विकल्या गेल्या. भान सुटलेली माणसं दुसऱ्या दिवशी फोटो विकत घेतात?

दौतटाक
मग 'फाशी दिली' लिहा.

काळीमाती
फाशी कोर्ट देतं. खुनाला कायद्याचा सदरा कशाला घालता? 'फासावर लटकवून मारलं' लिहा, आणि कुणी तेही लिहा.

ओसरी
गाण्यात तर तो शब्दच नाही. झाड, पानं, वारा, फळ. न्यूयॉर्कच्या कॅफे सोसायटी या नाइटक्लबात बिली हे शेवटी गायची. वेटर थांबायचे, दिवे मालवायचे, उजेड फक्त तिच्या चेहऱ्यावर.

सातपाटील
विषय निघालाच आहे तर विचारतो. स्पाइक लीच्या 'डू द राइट थिंग' या सिनेमात पोलीस रेडिओ रहीम या काळ्या तरुणाचा गळा आवळून जीव घेतात. मग पिझ्झाच्या दुकानात काम करणारा मूकी त्याच दुकानाच्या काचेवर कचऱ्याचा डबा फेकतो आणि दुकान पेटतं. मी त्यावर लिहिताना 'दंगल' म्हटलं, तर मित्र म्हणाला 'उठाव' लिही. तुम्ही काय म्हणाल?

दौतटाक
दंगलच. जाळपोळ झाली की दंगल.

काळीमाती
आमच्या आजीपुढे हा शब्द काढायची सोय नव्हती. १९७८, नामांतर. मराठवाड्यातलं आमचं घर जळलं. पेपरात 'दंगल' आलं. आजी म्हणायची, "दंगलीला दोन बाजू लागतात. आम्ही तर ज्वारीच्या रानात लपलो होतो."

दौतटाक
मग आजी काय म्हणायच्या?

काळीमाती
"जाळलं." एवढंच.

सातपाटील
पण सिनेमात तर जाळणारे रहीमच्या बाजूचे आहेत. तिथे हाच शब्द कसा चालेल?

पाटीपेन्सिल
झुंडबळी खोडला आहे. 'विचित्र' अजून तसंच आहे, उद्या छपाईला द्यायचंय.

ओसरी
आक्रीत!