संघच मिसळून पाडा

जुन्या नाशकात दोन मोहल्ल्यांची मैत्रीपूर्ण फुटबॉल मॅच लावली तर मैत्री राहील बाजूला, राडाच व्हायचा, असं एकाने लिहिलंय. भीती खोटी नाही. इकडचे अकरा, तिकडचे अकरा असं लावलं की साध्या फाऊललाही जातधर्म चिकटतो. मग चिठ्ठ्या टाकून संघ पाडा ना! भद्रकाली, वडाळा, पंचवटी, सगळ्या भागांतल्या पोरांची नावं एकाच पिशवीत.

१९९४च्या फुटबॉल वर्ल्डकपमध्ये ज्याच्याकडून स्वयंगोल झाला, त्या कोलंबियाच्या आंद्रेस एस्कोबारचा मायदेशी परतल्यावर मेदेयीन शहरात खून झाला. त्यानंतर तिथल्या टोळीग्रस्त वस्त्यांत पोरांसाठी वेगळाच फुटबॉल सुरू झाला. रेफरी नाही. नियम आधी वर्तुळात बसून ठरवायचे, मॅचनंतर पुन्हा बसून वागणुकीचेही गुण द्यायचे. प्रत्येक संघात मुली हव्यातच, आणि पहिला गोल मुलीनेच मारायचा. म्हणजे एरवी बॉल न सोडणाऱ्या भाईलाही पास द्यावाच लागतो! (आपल्याकडे निम्मे दादा इथेच गळतील.)

गोल्फ क्लब मैदानावर क्रिकेटवाल्यांतून जागा काढणं कठीण, शाळेचं मैदान बघा. तारीख ठरवताना रमजान आणि दहावी-बारावीच्या परीक्षा दोन्ही टाळा, नाहीतर पोरंच जमणार नाहीत.