अकाला, शेक्सपिअर आणि शनिवारची शाळा

हिप-हॉपला, म्हणजे ठेक्यावर शब्द म्हणण्याच्या रॅप संगीताला, प्रतिष्ठा मिळावी एवढ्याचसाठी ब्रिटिश रॅपर अकाला यांनी २००९ मध्ये 'हिप-हॉप शेक्सपिअर कंपनी' ही संगीत-नाट्य संस्था काढली, असे एक मत मांडले जाते; ते मला अर्धेच पटते. प्रतिष्ठाच हवी असती, तर कृष्णवर्णीय परंपरेतील संगीतासाठी ब्रिटनमध्ये दिला जाणारा मोबो पुरस्कार २००६ मध्येच त्यांच्या पदरी पडला होता. व्याख्यानात ते एकेक ओळ म्हणतात आणि ती शेक्सपिअरची की एखाद्या रॅपरची, हे श्रोत्यांना ओळखायला लावतात, तेव्हा भल्याभल्यांची भंबेरी उडते. मग शेक्सपिअरचे अठरावे सुनीत ते ठेक्यावर म्हणून दाखवतात आणि जलद तालातही त्यातील आघातांची लय तसूभर ढळत नाही (वृत्तबद्ध कविता चालीवर म्हटलेल्यांना याचे नवल वाटू नये).

वरच्या मतात राहून गेलेला भाग त्यांच्या शालेय जीवनाचा आहे, आणि माझ्या मते कंपनीचे मूळ तिथेच आहे. कॅरिबियन वंशाच्या मुलांना मंदबुद्धी ठरवून वेगळ्या वर्गांत ढकलण्याची वाईट खोड ब्रिटनमधील शाळांना होती, म्हणून त्या समाजातील पालकांनी स्वतःच शनिवारच्या शाळा चालवल्या. लंडनमध्ये वाढलेल्या अकाला यांनाही, वाचनात हुशार असूनही, अशाच गटात बसवले गेले होते; शनिवारच्या शाळेने त्यांना कसे सावरले, हे त्यांनी 'नेटिव्ह्ज' या २०१८ च्या पुस्तकात लिहिले आहे.