विषय: आरव्हीच्या सांडपाण्याच्या टाकीचा व्हॉल्व्ह तिसऱ्यांदा गळतो आहे

प्रेषक: मा. वि.

सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार,

मंडळातील बरीच कुटुंबे आरव्ही (राहण्याची सोय असलेली गाडी किंवा ओढून न्यायचा ट्रेलर) घेऊन फिरतात, म्हणून हा प्रश्न येथे मांडत आहे. आम्ही गेल्या वर्षी नवा ट्रेलर घेतला. दुसऱ्याच सहलीत टाक्या रिकाम्या करण्यासाठी निचऱ्याच्या नळीची कॅप काढली, तेव्हा ग्रे (आंघोळीचे व धुण्याचे सांडपाणी) आणि ब्लॅक (शौचालयाचा मैला) अशा दोन्ही टाक्यांचे व्हॉल्व्ह बंद असूनही लिटरभर घाण पाणी यांच्या हातांवर आणि बुटांवर आले. डीलरकडे ट्रेलर तीन आठवडे होता आणि परत देताना कामाच्या कागदावर ‘व्हॉल्व्ह समायोजित केला’ एवढीच नोंद होती. पुढच्या सहलीत पुन्हा तेच झाले. दुसऱ्या खेपेस ‘दोष आढळला नाही’ असे लिहून त्यांनी ट्रेलर परत केला आणि गेल्या शनिवारी तिसऱ्यांदा तोच प्रकार घडला.

वॉरंटीचे दोनच महिने उरले आहेत. आता आम्ही नवा व्हॉल्व्ह बसवण्याचा आग्रह धरावा, की बाहेरच्या तोंडावर आणखी एक व्हॉल्व्ह लावून विषय मिटवावा? घरात लहान मूल आहे आणि हे मैल्याचे पाणी असल्यामुळे मला ही गोष्ट किरकोळ मानता येत नाही. ज्यांनी हे काम स्वतः केले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

आपली,
मा. वि.


प्रेषक: द. गो.

चि. ताईस अनेक आशीर्वाद,

तुमचे पत्र वाचून वाईट वाटले. लहान मूल असलेल्या घरात याला किरकोळ न मानणे अगदी योग्य आहे. माझी विनंती एवढीच की दोष नेमका कोठे आहे हे कळण्यापूर्वी नवा व्हॉल्व्ह बसवून घेऊ नका. मी स्वतः चार वर्षांपूर्वी ती चूक केली. नवा व्हॉल्व्हही महिनाभरात गळू लागला, कारण ज्या कारणाने जुना गळत होता ते कारण तसेच आत राहिले होते.

हा व्हॉल्व्ह रचनेने अतिशय साधा असतो. ब्लॅक टाकीसाठी बहुधा तीन इंची आणि ग्रे टाकीसाठी दीड किंवा तीन इंची, दोन फ्लँजांच्या (नळीच्या टोकांवरील चपट्या कडांच्या) मध्ये सरकणारी एक सपाट पाती, तिच्या दोन्ही बाजूंना रबराचे एकेक सील आणि सगळे एकत्र आवळणारे चार बोल्ट, एवढाच त्याचा संसार. त्यामुळे तो गळण्याची कारणेही मोजकीच आहेत: सील बसवताना दुमडले गेले असेल, पातीच्या खाचेत काहीतरी अडकले असेल, नळ्या एका रेषेत नसल्यामुळे व्हॉल्व्हवर सतत पीळ पडत असेल, नाहीतर पाती पूर्ण बंदच होत नसेल. यांपैकी पहिली तीन कारणे बहुतेक वेळा कारखान्यातील जोडणीच्या वेळीच निर्माण झालेली असतात, आणि म्हणूनच मी याला सुट्या भागाचा दोष न म्हणता कामातील हयगय म्हणतो.

खाचेत काय अडकते हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. टाकीला नळी जोडण्यासाठी भोके पाडतात तेव्हा प्लॅस्टिकचा कीस आणि कधीकधी कापलेली गोल चकतीसुद्धा टाकीत पडते. ती कोणी काढली नाही, तर पहिल्या काही निचऱ्यांत हा कचरा वाहत येऊन नेमका पातीच्या वाटेत बसतो. माझ्या व्हॉल्व्हमध्ये असा नखाएवढा तुकडा सापडला. काही ठिकाणी नळ्या चिकटवण्याचे सोल्व्हंट सिमेंट जास्त लावले जाते, ते ओघळून सीलच्या कडेवर सुकते आणि रबराला तेथे टेकायला सपाट जागाच उरत नाही.

केबलने चालणाऱ्या व्हॉल्व्हची गोष्ट निराळी आहे. हँडल गाडीच्या कडेला आणि व्हॉल्व्ह कित्येक फूट आत असेल, तर मधली केबल फार तीव्र वळणाने नेल्यास आतली तार आवरणाला घासते. मग हँडल पूर्ण आत गेल्यासारखे वाटते, पण पाती दोन-तीन मिलिमीटर उघडीच राहते. पातीच्या दांड्याला तार धरून ठेवणारा स्क्रू सैल झाला तरी हेच होते. ‘समायोजित केला’ याचा अर्थ बहुधा तो स्क्रू आवळला असा असावा, परंतु वळण तसेच ठेवून स्क्रू आवळला तर तो पुन्हा सरकणारच.

आता परीक्षा कशी करावी ते लिहितो. दोन्ही टाक्या रिकाम्या करून निदान तीन वेळा स्वच्छ पाण्याने धुवा. नंतर ग्रे टाकीत लाल आणि ब्लॅक टाकीत हिरवा खाण्याचा रंग घालून दोन्ही स्वच्छ पाण्याने भरा. कॅप काढून नळीखाली पांढरी बादली ठेवा आणि २४ तास वाट पाहा. बादलीतील पाण्याचा रंगच गुन्हेगार सांगेल. दोन्ही नळ्या पुढे एकाच तोंडाला मिळत असल्यामुळे नुसते थेंब पाहून हे कधीच कळत नाही. ‘दोष आढळला नाही’ असे जे लिहिले गेले ते बहुधा रिकाम्या टाक्यांवर हँडल हलवून पाहिल्यामुळे असावे. सीलवर पाण्याचा दाब आल्याशिवाय ही गळती दिसत नाही.

खालून बंद केलेला पत्रा किंवा प्लॅस्टिकचा तळ काढावा लागला तर तो आधी डीलरला लेखी कळवूनच काढा, आणि तो काढल्यावर केवळ व्हॉल्व्ह पाहून थांबू नका. टाकी कशावर टेकली आहे तेही पाहा. ४० गॅलन पाणी म्हणजे सुमारे १५० किलो वजन असते आणि मी अशा टाक्या पाहिल्या आहेत, ज्या पातळ पट्ट्यांच्या टोकांना मारलेल्या दोन-दोन स्क्रूंवर तोललेल्या होत्या. टाकी थोडी जरी खचली, तरी तिला जोडलेली नळी खाली ओढली जाते आणि व्हॉल्व्हचा फ्लँज तिरपा होतो.

द. गो.


प्रेषक: श्री. भा.

काकांचे पत्र माहितीपूर्ण आहे. तरीही माझा अनुभव नोंदवतो. माझ्या ट्रेलरचा ब्लॅक व्हॉल्व्ह असाच ठिबकत होता. मी निचऱ्याच्या तोंडावर फिरवून बसवायचा जादा व्हॉल्व्ह लावला आणि दोन हंगाम एक थेंबही बाहेर आलेला नाही. काम पाच मिनिटांचे आहे, गाडीखाली शिरावे लागत नाही आणि डीलरच्या रांगेत आठवडे घालवावे लागत नाहीत. ज्यांच्याकडे वेळ आणि अवजारे नाहीत त्यांनी हा मार्ग का घेऊ नये?


प्रेषक: द. गो.

प्रिय श्री. भा.,

तो जादा व्हॉल्व्ह माझ्याही गाडीवर आहे आणि हातांवर पाणी येऊ नये एवढ्यासाठी तो उत्तम आहे. परंतु त्याच्यामागे काय चालते याचा विचार करावा असे मला वाटते. आतला ब्लॅक व्हॉल्व्ह गळत असेल तर मैल्याचे पाणी मधल्या नळीत भरून राहते. ग्रे व्हॉल्व्हही थोडा सैल असेल तर तेच पाणी ग्रे टाकीत शिरते आणि ब्लॅक टाकीची पातळी वर असल्यास शॉवरच्या तळातून घरात चढू शकते. जेथे मूल आंघोळ करते त्या जागेबद्दल मी बोलतो आहे. शिवाय थंडीच्या प्रदेशात दोन व्हॉल्व्हच्या मध्ये अडकलेले पाणी गोठले की नळी फुटते.

आणखी एक गोष्ट अशी की एखाद्या मुक्कामी होज जोडलेला आणि बाहेरचा व्हॉल्व्ह उघडा असेल, तर ब्लॅक टाकीतील द्रव हळूहळू निघून जातो आणि घन मैला मागे राहून साचत जातो. म्हणूनच ब्लॅक टाकी साधारण दोन-तृतीयांश भरेपर्यंत घट्ट बंद असणे आवश्यक असते, म्हणजे उघडल्यावर पाण्याच्या जोराने सारे एकदम वाहून जाते आणि नंतर ग्रेच्या पाण्याने होज धुतला जातो. जादा व्हॉल्व्ह जरूर ठेवा, पण आतला व्हॉल्व्ह दुरुस्त झाल्यावर.


प्रेषक: रा. शि.

मी ग्राहक-कायद्याच्या क्षेत्रात काम करते. सल्ला म्हणून नव्हे, पण माहिती म्हणून, आणि केवळ अमेरिकेतील सभासदांसाठी, थोडे लिहिते.

अनेकांना वाटते की ‘लेमन लॉ’, म्हणजे वारंवार बिघडणाऱ्या नव्या वाहनाबद्दल ग्राहकाला दाद देणारा कायदा, आपल्या मदतीला येईल. हे कायदे राज्यागणिक वेगळे आहेत. बऱ्याच राज्यांत मोटारहोमचा (स्वतःच्या इंजिनावर चालणाऱ्या आरव्हीचा) चालणारा भाग त्यात येतो, परंतु राहण्याचा भाग, म्हणजे नळकाम आणि टाक्या, वगळलेला असतो आणि ओढून न्यायचे ट्रेलर तर कित्येक ठिकाणी मुळातच बाहेर असतात. त्यापेक्षा १९७५ सालचा मॅग्नसन-मॉस वॉरंटी कायदा अधिक उपयोगी पडतो. लेखी वॉरंटी देणाऱ्या उत्पादकाने ती पाळली नाही तर ग्राहक दावा करू शकतो आणि जिंकल्यास न्यायालय वकिलाचा खर्चही देववू शकते.

मात्र या कायद्यात उत्पादकाला दुरुस्तीची वाजवी संधी द्यावी लागते, आणि ती दिली हे सिद्ध करणे आपल्यावर असते. म्हणून ताईंनी तिन्ही प्रसंगांच्या तारखा, डीलरने दिलेले कामाचे कागद आणि रंगीत पाण्याच्या परीक्षेचा व्हिडिओ एकत्र करून वॉरंटी संपण्यापूर्वी थेट उत्पादकाला पाठवावा. तक्रार मुदतीत लेखी नोंदली गेली पाहिजे. दूरध्वनीवरील संभाषणाचा काही उपयोग होत नाही. डीलरकडे वेळ नसल्यास बाहेरच्या तंत्रज्ञाकडून काम करून घेण्याची परवानगीही लेखीच मागावी, आणि ती हातात येईपर्यंत एकही बोल्ट सैल करू नये.


प्रेषक: मा. वि.

काका, श्री. भा. आणि रा. शि. वहिनी, आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार.

झाले ते क्रमाने लिहिते. रंगीत पाण्याची परीक्षा आम्ही दोन्ही टाक्या काठोकाठ भरून केली. सहा तासांत बादलीत गडद लाल पाणी दिसू लागले आणि सकाळपर्यंत त्यात हिरवट छटाही आली, म्हणजे ग्रे जोरात आणि ब्लॅक हळूहळू, असे दोन्ही गळत होते. डीलरने आजवर एकाच व्हॉल्व्हला हात लावला होता. व्हिडिओ आणि कागद उत्पादकाला पाठवल्यावर नवव्या दिवशी बाहेरच्या तंत्रज्ञाकडून काम करून घेण्याची लेखी परवानगी आली.

तंत्रज्ञ घरी आले तेव्हा मी स्वतः शेजारी उभी राहून प्रत्येक टप्प्याचे फोटो घेतले. ग्रे व्हॉल्व्हचे टाकीकडील सील एका जागी दुमडून चिरडलेले निघाले. ते पहिल्या दिवसापासूनच तसे असणार, कारण दुमडीची खूण रबरात कायमची बसली होती. ब्लॅकच्या बाबतीत सील ठीक होते, परंतु केबल चौकटीच्या लोखंडी कडेवरून जवळजवळ काटकोनात वळवली होती आणि पाती बंद होण्यापूर्वीच थांबत होती. तंत्रज्ञांनी केबल सैल वळणाने फिरवून नेली, दोन्ही व्हॉल्व्ह नवी सील घालून बसवले आणि बोल्ट समोरासमोरचे आळीपाळीने, हलक्या हाताने आवळले, कारण जास्त आवळल्यास प्लॅस्टिकला तडा जातो. सीलना त्यांनी सिलिकोनचे वंगण लावले आणि पेट्रोलियमचे तेल किंवा ग्रीस रबराला कधीही लावू नका असे बजावले.

काकांनी सांगितल्यामुळे टाकीचा आधारही पाहिला. ग्रे टाकीच्या एका पट्टीचे दोन्ही स्क्रू निम्मे बाहेर आले होते आणि टाकी त्या बाजूला बोटभर खचली होती. हे पाहून मला खरोखर धडकी भरली, कारण त्या टाकीखालून रस्ता जात असतो आणि आमच्या मागे दुसऱ्या कोणाची तरी गाडी असते. उत्पादकाने व्हॉल्व्हचे काम मान्य केले आहे, परंतु आधाराचे काम ‘मूळ तक्रारीत नव्हते’ असे उत्तर काल आले. ती तक्रार मी आजच स्वतंत्रपणे, फोटोंसह, मुदतीच्या आत नोंदवली आहे. तोपर्यंत तंत्रज्ञांनी पट्टीखाली लोखंडी कोनाचा तात्पुरता आधार दिला आहे आणि आम्ही ग्रे टाकी निम्म्यापेक्षा जास्त भरणार नाही.

श्री. भा., तुम्हाला एकच विचारते: तुमच्या ट्रेलरचा तळ बंद आहे का? असल्यास येत्या रविवारी हे आणि मी तुमच्याकडे येऊन तो उघडायला मदत करू. रंगाच्या बाटल्या आणि पांढरी बादली आमच्याकडे आहेच.

आपली,
मा. वि.